गाठीतला ऑक्सिजन आणि घरातला ऑक्सिजन

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

‘माझे वडील ५८ वर्षांचे असून शेती करतात. त्यांना घशाच्या खालच्या भागाचा, म्हणजे हायपोफॅरिंक्सचा कॅन्सर झाला आहे. मानेत डाव्या बाजूला गाठ आहे आणि ती मध्यभागी नेक्रोटिक, म्हणजे मेलेली, असल्याचे सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये लिहिले आहे. ऑपरेशन न करता सात आठवडे रेडिएशन आणि सोबत दर आठवड्याला केमो द्यायचे ठरले असून उपचार पंधरा-वीस दिवसांत सुरू होतील. अशा गाठीत ऑक्सिजन कमी असतो आणि म्हणून रेडिएशन थोडे कमी लागू पडते, असे डॉक्टर बोलताबोलता म्हणाले. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आतेभावाने कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणून दिला आहे. कॅन्सरची पेशी ऑक्सिजनमध्ये जगत नाही आणि या शोधाला नोबेल मिळाले होते, असा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. काका रक्तवाढीच्या इंजेक्शनची चौकशी करून आले. अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, हिमोग्लोबिन ९.६ आहे, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९७ दाखवतो. ते अजूनही लपूनछपून बिडी ओढतात. गाठ आतून मेलेली आहे ही चांगली खूण की वाईट? आम्ही नेमके काय करावे? मी बी.एस्सी. झाले आहे, तेव्हा कृपया कारणांसह लिहावे. – एक लेक, सांगली जिल्हा’

ताई, तुमच्या पत्रातच एक आकडा असा आहे की ज्यावरून निम्म्या प्रश्नांची उत्तरे मिळतात. बोटावरचे यंत्र ९७ दाखवते, म्हणजे तुमच्या वडिलांच्या रक्तातील हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनसाठी जेवढ्या जागा आहेत त्यांपैकी ९७ टक्के भरलेल्या आहेत (बिडी ओढल्यावर हे यंत्र कसे फसू शकते ते पुढे येईल). ऑक्सिजनची टंचाई वडिलांच्या शरीरात नाही, ती गाठीत आहे. घरात सध्या चाललेली सगळी धावपळ या दोन गोष्टी एकच आहेत असे समजून चालली आहे; म्हणून आधी गाठीत ऑक्सिजन का कमी पडतो ते सविस्तर सांगतो आणि मग कॉन्सन्ट्रेटर, इंजेक्शन व बिडी यांच्याकडे वळतो.

धरण काठोकाठ भरलेले असले तरी कालव्याच्या टेलच्या शेतापर्यंत पाणी पोचेलच असे नाही, हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. गाठीचे तसेच असते. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन पेशींच्या एकेका थरातून झिरपत पुढे जातो आणि वाटेतली प्रत्येक पेशी आपला वाटा काढून घेते. त्यामुळे साधारण ०.१५ ते ०.१८ मिलिमीटर अंतरापलीकडे काही शिल्लकच राहत नाही. इंग्लंडमधील थॉमलिन्सन आणि ग्रे या दोन शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे अंतर मोजले होते. रक्तवाहिनीलगतच्या पेशी धडधाकट होत्या, त्या अंतरापलीकडच्या मेलेल्या होत्या आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात अर्धपोटी पण जिवंत पेशी असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. खरा प्रश्न त्या मधल्या पट्ट्याचा आहे.

तुमच्या रिपोर्टमधील ‘नेक्रोटिक’ या शब्दाचा अर्थही इथेच लागतो. गाठीचा मधला भाग कोणत्याही औषधाने मेलेला नाही. गाठ रक्तपुरवठ्याच्या पुढे वाढत गेली म्हणून तो भाग उपासमारीने मेला. तेव्हा ही चांगली खूण नाही. मृत गाभ्याच्या कडेने कमी ऑक्सिजनवर तगून राहिलेल्या पेशींचा थर असण्याची शक्यता मोठी आहे, एवढेच ती सांगते आणि तुमच्या डॉक्टरांनी बोलताना हेच सुचवले. मात्र त्यातून घाबरून जाण्यासारखा अर्थही काढू नका. तोंड, घसा आणि स्वरयंत्र यांच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या मोठ्या गाठी मध्यभागी अशा दिसणे अगदी नेहमीचे आहे आणि तुमच्या वडिलांसाठी ठरवलेली उपचारांची आखणी अशाच गाठी डोळ्यांपुढे ठेवून तयार झालेली आहे.

आता त्या अर्धपोटी पेशी करतात काय ते पाहू. आपल्या प्रत्येक पेशीत एचआयएफ-१ नावाचे एक प्रथिन सतत तयार होत असते. ऑक्सिजन पुरेसा असला की विशिष्ट एन्झाइमे त्याच्या एका घटकावर खूण करतात आणि ती खूण पाहून पेशी ते प्रथिन काही मिनिटांत मोडून टाकते. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, प्रथिन साठत जाते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि शेकडो जनुकांना कामाला लावते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्रणा मुळात निरोगी शरीरासाठी आहे. उंच पहाडावर गेल्यावर रक्तपेशी वाढतात त्या हिच्यामुळेच. कॅन्सरची पेशी तीच यंत्रणा स्वतःच्या बचावासाठी वापरते.

पहिला बदल अन्नाच्या वापरात होतो. पेशी आपल्या पृष्ठभागावर ग्लुकोज आत घेणारी दारे वाढवते, ऑक्सिजनशिवाय ते ग्लुकोज मोडते आणि तयार झालेले लॅक्टिक आम्ल बाहेर टाकते; त्यामुळे गाठीचा परिसर आम्लधर्मी होतो. दुसरा बदल म्हणजे व्हीईजीएफ नावाचा संदेश बाहेर सोडून ती नव्या रक्तवाहिन्या मागवते. घाईने वाढलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, काही तर मध्येच बंद पडतात आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतात. म्हणून गाठीतला ऑक्सिजन केवळ जागेनुसार बदलत नाही, तो वेळेनुसारही बदलतो आणि सकाळी उपाशी असलेला कोपरा संध्याकाळी भरलेला असू शकतो. उपचारांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. पुढे तिचा उल्लेख येईल.

तिसरा बदल मला सर्वांत गंभीर वाटतो. कमी ऑक्सिजनमध्ये बऱ्याच पेशी विभागणी थांबवून स्वस्थ बसतात आणि विभागत असलेल्या पेशींवर मारा करणाऱ्या केमोच्या औषधांना त्या सहजासहजी सापडत नाहीत. शिवाय औषधही त्याच रक्तवाहिन्यांतून यायचे असल्याने त्यांच्यापर्यंत ते कमीच पोचते. काही पेशी शेजारणींना धरून ठेवणारी प्रथिने कमी करतात, सुट्या होतात, आजूबाजूच्या ऊतींत घुसतात आणि लसिकावाहिन्यांच्या वाटेने मानेतल्या ग्रंथींपर्यंत जातात. भोवतालच्या रोगप्रतिकारक पेशींचा जोरही अशा जागी ओसरतो, कारण ऑक्सिजनची टंचाई आणि आम्ल त्यांनाही सोसत नाही, आणि एचआयएफ-१ कॅन्सरच्या पेशीच्या अंगावर पीडी-एल१ नावाचे प्रथिन वाढवून त्यांना थोपवते. याहून खोल गोष्ट अमेरिकेतील संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवली. निरोगी पी५३ जनुक असलेल्या पेशी ऑक्सिजनच्या टंचाईत स्वतःहून मरतात, पण ते जनुक बिघडलेल्या पेशी जगतात. म्हणजे टंचाई जितकी लांबते तितकी गाठीत चिवट पेशींची निवड होत जाते. तंबाखू आणि बिडी यांच्यामुळे होणाऱ्या तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये हे पी५३ जनुक बहुतेक वेळा आधीच बिघडलेले असते, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

रेडिएशनचा मुद्दा मात्र पेशीच्या स्वभावाचा नसून रसायनशास्त्राचा आहे. क्ष-किरण पेशीतल्या पाण्यातून अतिशय क्रियाशील कण निर्माण करतात आणि ते कण डीएनएला जखम करतात. त्या क्षणी जवळ ऑक्सिजन असेल तर तो जखमेवर जाऊन बसतो आणि जखम कायमची होते. ऑक्सिजन नसेल तर पेशीतील गंधकयुक्त रेणू ती जखम लगेच भरून काढतात. सगळा प्रकार सेकंदाच्या काही हजारांश भागांत घडतो. पूर्णपणे ऑक्सिजनविना असलेल्या पेशी मारण्यासाठी अडीच ते तीन पट मात्रा लागते, ही गोष्ट १९५० च्या दशकापासून प्रयोगांत सिद्ध आहे. रुग्णांमध्येही तिचा प्रत्यय आला. गाठीत अतिशय बारीक सुई घालून ऑक्सिजन मोजण्याची पद्धत १९९० च्या दशकात रुळली आणि २००५ मध्ये डेन्मार्कच्या नॉर्ड्समार्क आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतील सात केंद्रांमधील ३९७ रुग्णांची मोजमापे एकत्र करून प्रसिद्ध केली. सर्वसाधारण ऊतींमध्ये ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. ज्यांच्या गाठीचा मोठा हिस्सा अडीच मिलिमीटरच्याही खाली होता, ते रुग्ण रेडिएशननंतर तुलनेने कमी काळ जगले.

मग सात आठवड्यांच्या उपचारांना अर्थ काय, असे तुमच्या मनात येईल. सगळी मात्रा एकदम न देता सुमारे ३५ हप्त्यांत देण्यामागे जी कारणे आहेत, त्यांतले एक नेमके हेच आहे. पहिल्या हप्त्याने रक्तवाहिनीलगतच्या, ऑक्सिजन भरपूर असलेल्या पेशी मरतात. त्यांच्या वाट्याचा ऑक्सिजन मोकळा होतो, गाठ आकसते, मधले अंतर घटते आणि काल उपाशी असलेल्या पेशींना आज ऑक्सिजन मिळतो. तेवढ्यात पुढचा हप्ता येतो. मघाशी सांगितलेल्या बंद-चालू होणाऱ्या रक्तवाहिन्यांचाही असाच उपयोग होतो, कारण आज निसटलेला कोपरा उद्या सापडू शकतो. गाठीला ऑक्सिजन पुरवण्याचे, आजवर माहीत असलेले सर्वांत भरवशाचे साधन हे रोजचे रेडिएशनच आहे. त्यात खंड पडला तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर ही वाढ वेगाने होते. ठरलेल्या मुदतीपेक्षा उपचार लांबला, तर लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ पूर्ण आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असा अंदाज अनेक अभ्यासांतून पुढे आला आहे. ऊसतोड, लग्न, यात्रा, एसटीचा संप, यांपैकी कोणत्याही कारणासाठी एकही दिवस बुडू देऊ नका. गावाहून रोज ये-जा जमणार नसेल तर केंद्राजवळ सात आठवड्यांसाठी खोली घ्या. घरातील पैसे आणि माणसांची ताकद कॉन्सन्ट्रेटरवर खर्च होण्यापेक्षा इथे खर्च व्हावी, असे मला मनापासून वाटते.

सोबतचे केमो म्हणजे बहुधा सिस्प्लॅटिन असेल. ते या उपचारात रेडिएशनची धार वाढवण्यासाठी दिले जाते आणि जगभरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर रेडिएशनसोबत केमो दिल्याने पाच वर्षांनी हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढते. वडिलांच्या किडनीच्या किंवा ऐकण्याच्या तक्रारीमुळे सिस्प्लॅटिन देता येणार नसेल, तर डोसिटॅक्सेलचा पर्याय आहे आणि त्याचा पुरावा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चाचणीतूनच आला आहे. त्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा.

आता नातेवाइकांच्या ग्रुपवरचा मेसेज. ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला १९३१ मध्ये नोबेल मिळाले हे खरे आहे, पण ते श्वसनाच्या एन्झाइमाचे स्वरूप आणि कार्य शोधल्याबद्दल मिळाले, कॅन्सरचे कारण शोधल्याबद्दल नव्हे. कॅन्सरविषयी त्यांनी जे पाहिले ते मेसेजच्या नेमके उलट आहे: गाठीच्या पेशी भोवती ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करतात. म्हणजे ऑक्सिजनमध्ये त्या व्यवस्थित जगतात. तुमच्या वडिलांच्या गाठीतील रक्तवाहिन्यांलगतचा, सर्वांत जोमाने वाढणारा थर ऑक्सिजन मिळतो म्हणूनच जोमात आहे. या मेसेजच्या आधाराने ओझोन थेरपी किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड विकणाऱ्या लोकांनी गाठले, तर त्यांना दारातूनच परत पाठवा. हायड्रोजन पेरॉक्साइड पोटात किंवा शिरेतून गेल्याने माणसे दगावलेली आहेत. वारबुर्ग यांच्याच नावावर साखर बंद करण्याचा सल्लाही दिला जातो. आहारातील साखर तोडल्याने गाठीचे ग्लुकोज तुटत नाही, कारण शरीर रक्तातील ग्लुकोजची पातळी स्नायू झिजवूनही टिकवते. सात आठवड्यांत ज्या रुग्णाला गिळणे अवघड होणार आहे, त्याच्या तोंडचा शिरा, खीर किंवा पेज काढून घेणे म्हणजे वजन उतरवून उपचार अर्धवट सुटण्याची तयारी करण्यासारखे आहे. त्यांना मधुमेह असेल तर तेवढाच वेगळा विचार डॉक्टर सांगतील तसा करावा.

कॉन्सन्ट्रेटर परत द्या. ९७ टक्के भरलेल्या हिमोग्लोबिनमध्ये भर घालायला तीनच टक्के जागा उरते आणि रक्ताच्या पाण्यात थोडा अधिक ऑक्सिजन विरघळला तरी ऑक्सिजनचा उपयोग किरण पडत असतानाच्या त्या क्षणापुरता असल्याने, रात्रभर घरी घेतलेला ऑक्सिजन दुसऱ्या दिवशी रेडिएशनच्या टेबलावर शिल्लक राहत नाही. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. ज्या घरात माणूस लपून बिडी ओढतो त्या घरात नाकाला ऑक्सिजनची नळी असणे म्हणजे चेहरा भाजण्याचा आणि आग लागण्याचा खरा धोका आहे. प्राणायामाला माझी हरकत नाही. मन शांत राहते, झोप बरी लागते आणि रेडिएशनच्या वेळी डोके हलू नये म्हणून लावलेल्या मुखवट्याखाली स्थिर पडून राहायला त्याची मदत होते. गाठीतला ऑक्सिजन त्याने वाढत नाही, एवढे माहीत असू द्या.

गाठीतला ऑक्सिजन वाढवण्याचे किंवा त्याची जागा भरून काढण्याचे वैद्यकीय प्रयत्न झालेच नाहीत असे नाही आणि तुम्ही विज्ञान शिकलेल्या आहात म्हणून ते थोडक्यात सांगतो. वाढीव दाबाच्या टाकीत रुग्णाला ठेवून रेडिएशन देण्याचे प्रयोग ब्रिटनमध्ये अनेक वर्षे चालले; डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये काही फायदाही दिसला, पण पद्धत फार अवघड असल्याने ती मागे पडली. डेन्मार्कमध्ये निमोरॅझोल हे औषध रेडिएशनच्या आधी देऊन पाहिले गेले. ते उपाशी पेशीत ऑक्सिजनची भूमिका बजावते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत घसा आणि स्वरयंत्राच्या वरच्या भागाचा कॅन्सर पाच वर्षांनी आटोक्यात राहण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेले आणि तेथे ते नेहमीच्या उपचारांचा भाग झाले. पुढे ब्रिटनमध्ये आणि इतर युरोपीय देशांत झालेल्या चाचण्यांत मात्र हा फायदा दिसला नाही. टायरापॅझामीन हे उपाशी पेशींनाच मारणारे औषध तर ८६१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत निष्फळ ठरले. मेट्रोनिडाझोल हे निमोरॅझोलच्या कुळातले औषध मेडिकल दुकानात सहज मिळते म्हणून ते स्वतःच्या मनाने कृपया देऊ नका. इंटरनेटवर तुम्हाला न्यूयॉर्कमधील एका संशोधनाविषयीही वाचायला मिळेल, जिथे विशेष पेट (PET) स्कॅनने गाठीत ऑक्सिजनची टंचाई नाही असे पाहून काही रुग्णांना ७० ऐवजी ३० ग्रे (रेडिएशन मोजण्याचे एकक) एवढीच मात्रा दिली गेली. ते काम एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरपुरते आहे. बिडीमुळे झालेल्या हायपोफॅरिंक्सच्या कॅन्सरला ते लागू करू नये आणि मात्रा कमी करण्याचा आग्रह धरू नये.

काकांनी चौकशी केलेले इंजेक्शन बहुधा एरिथ्रोपोएटिनचे असेल आणि त्याविषयी मी सर्वांत ठामपणे लिहितो आहे. कल्पना सरळ वाटते: हिमोग्लोबिन कमी असलेल्यांत रेडिएशनचा परिणाम कमी दिसतो, तेव्हा हिमोग्लोबिन वाढवले की परिणामही वाढेल. जर्मनीच्या मिखाएल हेन्के आणि सहकाऱ्यांनी तोंड-घशाच्या कॅन्सरच्या ३५१ रुग्णांवर ही कल्पना तपासली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार इंजेक्शन घेतलेल्यांचे हिमोग्लोबिन चांगले वाढले, पण त्यांच्यात कॅन्सर उलटण्याचे प्रमाण अधिक निघाले आणि ते कमी जगले. डेन्मार्कमधील त्याच प्रकारची चाचणी तर परिणाम वाईट दिसू लागल्याने मध्येच थांबवावी लागली. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००७ मध्ये या औषधांवर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. रिपोर्टमधला आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे नसते, हे यातून फार मोठी किंमत मोजून कळले आहे. रेडिएशन चालू असताना हे इंजेक्शन कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका.

९.६ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा मात्र नाही. तो कमी का आहे याची तपासणी उपचार सुरू होण्यापूर्वीच करून घ्या: लोह, बी-१२, पोटातून होणारा रक्तस्राव आणि गेल्या काही महिन्यांत गिळता न आल्याने झालेले कुपोषण. लोहाची कमतरता असेल तर तिच्यावर साधे उपचार आहेत. रक्त चढवायचे की नाही हा निर्णय डॉक्टरांवर सोडा. थकवा, धाप आणि केमो सोसण्याची ताकद पाहून ते रक्त देतीलही. फक्त रक्त चढवल्याने रेडिएशन अधिक लागू पडेल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण डेन्मार्कमधील चाचण्यांत त्याने तसा फायदा झाला नाही.

आणि आता बिडी. पत्रात तुम्ही ती शेवटी, जवळजवळ जाता जाता लिहिली आहे. माझ्या मते तुमच्या हातात असलेली ती सर्वांत मोठी गोष्ट आहे. बिडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही ऊतींमध्ये सहज सुटू देत नाही. बोटावरच्या साध्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे बिडी ओढल्यावरही ते ९७ दाखवू शकते. हा वायू निम्म्याने उतरायला चार ते सहा तास लागतात. म्हणजे सकाळी चहाबरोबर ओढलेली बिडी दुपारच्या रेडिएशनपर्यंत रक्तात असते, नेमक्या त्याच वेळी जेव्हा गाठीच्या टोकापर्यंत पोचणारा ऑक्सिजनचा कण न् कण मोलाचा असतो. कॅनडात १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रेडिएशन चालू असताना धूम्रपान करत राहिलेल्या रुग्णांपैकी ४५ टक्क्यांत गाठ पूर्ण विरघळली, तर न ओढणाऱ्यांत ७४ टक्क्यांत. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३९ आणि ६६ टक्के होते. हा सगळा फरक एकट्या ऑक्सिजनचा आहे असे म्हणता येणार नाही, कारण धूम्रपान सुरू ठेवणाऱ्यांची प्रकृती आणि आहारही अनेकदा वेगळा असतो. तरीही आतेभावाच्या यंत्राने जे मिळणार नाही ते बिडी सोडल्याने मिळण्याचा संभव आहे आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

वडिलांशी बोलताना त्यांना रोगाबद्दल दोष देऊ नका. तो आधीच त्यांच्या मनात असतो आणि दोष दिला की बिडी अधिक लपवली जाते. रेडिएशनचा परिणाम व्हावा म्हणून पुढचे सात आठवडे बिडी बंद हवी, हे उपचारांचेच एक औषध आहे, असे डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्यासमोर सांगवून घ्या. चाळीस वर्षांची सवय केवळ धाकाने सुटत नाही. निकोटिनचा पट्टा किंवा गोळ्या यांविषयी डॉक्टरांना विचारा आणि राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनला १८००-११-२३५६ या नि:शुल्क क्रमांकावर फोन करा. बिडीच्या बदल्यात तंबाखू-चुना किंवा मिश्री हाही मार्ग नव्हे. त्यांत धूर नसला तरी भाजलेल्या तोंडाला त्या सोसणार नाहीत आणि दुसऱ्या जागी नवा कॅन्सर होण्याचा धोका तसाच राहतो.

एका परिस्थितीत मात्र वरचे सगळे बाजूला ठेवावे लागेल. वडिलांचा श्वास घेताना घुर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, आडवे झाल्यावर दम लागू लागला किंवा बोटावरचा आकडा ९४ च्या खाली राहू लागला, तर गाठीने किंवा सुजेने श्वासाची वाट अडवलेली असू शकते. अशा वेळी घरी ऑक्सिजन लावून वाट पाहत बसू नये. रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे.

शेवटचे काम या आठवड्यातलेच आहे. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडातील बारीक रक्तवाहिन्या कायमच्या कमी होतात आणि त्या हाडालाही ऑक्सिजनची टंचाई जडते. अशा हाडातला दात नंतर काढला तर जखम भरत नाही आणि हाड कुजू शकते. तंबाखू खाणाऱ्या, बिडी ओढणाऱ्या माणसाचे दोन-चार दात किडलेले किंवा हललेले असतातच. ते काढायचे असतील तर जखम भरायला रेडिएशनपूर्वी निदान दहा ते चौदा दिवस हवेत आणि तुमच्याकडे जेमतेम तेवढेच दिवस आहेत. तेव्हा उद्याच रेडिएशनच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन वडिलांना दंतवैद्याकडे न्या. फ्लोराइडचे जेल कसे लावायचे ते तिथेच शिकून घ्या आणि यापुढे कधीही, कितीही वर्षांनी दात काढण्याची वेळ आली तर मानेला रेडिएशन झाल्याचे कागद आधी दाखवा.